महाराष्ट्रात नोंदलेली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी गोव्यात हलवायची आहे. नवी कंपनी काढावी लागेल का? वेळ आणि खर्च किती?

नवी कंपनी काढायची गरज नाही. कंपनी तीच राहते, पॅन तोच, देणीही तीच. एमओएमधलं (कंपनीच्या स्थापनेच्या दस्तऐवजातलं) राज्य बदलतं आणि सीआयएन, म्हणजे कंपनीचा नोंदणी क्रमांक, नवा मिळतो, कारण त्यात राज्याची अक्षरं असतात. एमएचचं जीए होतं. पण का हलवायची ते तुम्ही लिहिलं नाही. ‘गोव्यात टॅक्स कमी’ असं कोणाकडून ऐकलं असेल तर सोडून द्या. कंपनीचा इन्कम टॅक्स केंद्राचा, सावंतवाडीत जेवढा तेवढाच पणजीत.

आमच्याकडे हे खूळ भावोजींनी आणलं. बांद्याजवळ आमचा छोटा काजू कारखाना, संचालक आम्ही दोघंच. पेडण्यात गोदाम घेतलं आणि भावोजींनी रजिस्टर्ड ऑफिसच तिकडे न्यायचं मनावर घेतलं. “गोव्याचो पत्तो आसलो काय भायरचो गिरायक दोन पैसे जास्त देता,” हा त्यांचा एकमेव मुद्दा. माझं म्हणणं, गोदामासाठी गोव्याचं जीएसटी रजिस्ट्रेशन घ्या, तिथल्या बिलांवर पेडण्याचा पत्ता येईलच. ऑफिस आहे तिथे राहू दे. पण बहिणीच्या घरी पानावर बसून वाद किती ताणणार?

प्रक्रिया तुमच्या सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) पाठ असेल. भागधारकांचा विशेष ठराव, मग कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३ खाली प्रादेशिक संचालकांकडे (हे केंद्राचे अधिकारी) आयएनसी-२३ या फॉर्ममध्ये अर्ज, त्याआधी एका इंग्रजी आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात जाहिरात, प्रत्येक धनकोला (कंपनी ज्याचं देणं लागते त्याला) पोचपावतीसह नोटीस, आक्षेपाला २१ दिवस. मंजुरी मिळाली की आयएनसी-२८ आणि आयएनसी-२२ हे फॉर्म. यातलं काहीच अवघड नाही. अडतं ते धनकोंच्या यादीपाशी.

ही यादी अर्जाच्या वेळी महिन्याहून जुनी चालत नाही आणि ‘पूर्ण चौकशी करून बनवली’ असं कंपनीच्या संचालकांनी लिहून द्यावं लागतं. आम्हाला व्हॅक्यूम पॅकिंगच्या पिशव्या पुरवणारा एक होता. त्याच्या एका लॉटचं सील सुटायचं, आत हवा शिरून काजूगर मऊ पडायचे, म्हणून भावोजींनी त्याचं बिल अडवून ठेवलं होतं. यादी करताना म्हणाले, पैसे द्यायचेच नाहीत तर तो धनको कसला? मी म्हटलं, यादीत नुसती कर्जं नाही, दावेही लिहायचे असतात. रक्कम वादात आहे असं लिहा, पण लिहा. त्याशिवाय मी सही करत नाही म्हटल्यावर नाव आलं. रकमेच्या रकान्यात मात्र शून्य.

नोटीस मिळाल्यावर पिशवीवाला थेट ऑफिसात. नियम असा आहे की ही यादी रजिस्टर्ड ऑफिसात ठेवायची आणि कोणालाही कामाच्या वेळेत बघू द्यायची, उतारेही घेऊ द्यायचे, पानाला फार तर १० रुपये घेऊन. हे त्याला कोणी शिकवलं देव जाणे. त्याने दहाची नोट टेबलावर ठेवली, वर आमचाच पेपरवेट ठेवला आणि म्हणाला, पान दाखवा. नावापुढच्या शून्यावर बोट ठेवून तो जरा वेळ तसाच उभा राहिला. मग उतारा घेतला, दहा रुपयांची पावती मागितली आणि भावोजींना म्हणाला, “बरा तर, मुंबैक भेटूया.” आक्षेपासोबत त्याने आमच्याच स्टोअरकीपरच्या सह्या असलेली, माल पोचल्याची सगळी चलनं जोडली.

आक्षेप आला की प्रादेशिक संचालकांपुढे सुनावणी लागते, आमची मुंबईत. तिथे बघतात ते एवढंच, की धनकोंची संमती आहे का, नसेल तर त्यांच्या पैशांची तजवीज केली आहे का. पिशव्या खराब होत्या की नव्हत्या याचा निवाडा तिथे होत नाही. भावोजी सुटलेल्या सीलचे फोटो घेऊन मुंबईला निघाले होते! शेवटी त्याचं बिल पैसा न पैसा चुकतं केलं, त्याने माघारीचं पत्र दिलं, तेव्हा फाईल हलली. आधीच समोर बसवून बोललो असतो तर तो निम्म्यात तयार झाला असता, हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

वेळेचं म्हणाल तर अर्ज निकाली काढायला कायद्यात ६० दिवस दिले आहेत; आधीचा ठराव-जाहिरात-नोटिसांचा आणि नंतरच्या नोंदणीचा वेळ वेगळा. खर्च मुख्यतः जाहिराती आणि सीएसची फी, ती ज्याच्या-त्याच्याप्रमाणे.

जीएसटीचं कोणी आधी सांगत नाही. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, गोव्याचा ३० ने, आणि एकाच कंपनीच्या या दोन नोंदण्या कायद्याच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती. बांद्याहून पत्रादेवी ओलांडून आपलाच माल आपल्याच गोदामात न्यायचा तरी आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या व्यवहारावरचा जीएसटी) लावून बिल फाडायचं. जुन्या नंबरवरचं क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आपोआप नव्यावर जात नाही. कारखाना इथेच ठेवणार असाल तर जुना नंबरही चालूच ठेवायचा, दोन्हींची रिटर्नं वेगळी भरायची. मग हलवलं काय?

आता गुंतवणूकदाराने अट घातली असेल किंवा तुमचं महाराष्ट्रात काहीच उरलं नसेल, तर जरूर हलवा. कंपनीवर कंपनी कायद्याखाली चौकशी किंवा खटला चालू असेल तर मात्र परवानगी मिळत नाही, ते आधी तपासा. आणि प्रायव्हेट लिमिटेडऐवजी एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) असेल तर वरचं निम्मं विसरा: तिथे प्रादेशिक संचालकांकडे जावं लागत नाही, भागीदारांची आणि तारण असलेल्या धनकोंची संमती, जाहिरात आणि फॉर्म १५ एवढ्यावर भागतं.

बाहेरच्या गिऱ्हाइकाने पत्ता अजून एकदाही विचारलेला नाही. आणि भावोजी हे वाचणार, म्हणून इथेच लिहितो: दुसऱ्या माणसाकडून घेतलेल्या पिशव्यांचं सीलही त्याच मशीनवर सुटलं होतं. हीटर बदलल्यावर थांबलं.