नागपुरात राहून अभिनय आणि डबिंग दोन्ही जमेल का? डबिंग केल्याने अभिनेत्री म्हणून किंमत कमी होते का?

किंमत कमी होत नाही. हे आधीच सांगते, कारण तुमची खरी धास्ती तीच दिसते. तुम्ही कॉलेजच्या एकांकिका करता, पडद्यावर यायचं आहे, आणि आसपासचे म्हणतात, एकदा डबिंगला लागलीस की चेहरा कोणी विचारणार नाही.

बेबी नाझ आठवा. 'बूट पॉलिश' चित्रपटातली ती लहान मुलगी. 1955 साली कान महोत्सवात तिच्या कामाची खास दखल घेतली गेली. पुढे श्रीदेवीच्या सुरुवातीच्या हिंदी चित्रपटांना आवाज दिला तो याच नाझने. 'आखरी रास्ता'त तर श्रीदेवीसाठी रेखा बोलली, आणि 1986 मध्ये रेखा काही रिकामी बसलेली नव्हती. लोक ज्या श्रीदेवीवर भाळले, तिच्यात या दोघींचाही वाटा आहे. नाझचं नाव आज किती थोड्या जणांना ठाऊक आहे, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी राज्य नाट्य स्पर्धेतून आकाशवाणीच्या श्रुतिकांकडे, म्हणजे रेडिओवरच्या नाटकांकडे, आणि तिथून डबिंगकडे वळले, मधेमधे मालिकांत छोट्या भूमिकाही केल्या. अभिनयाचा कस सगळ्यात जास्त लागला तो डबिंगच्या काचेच्या खोलीत. समोरची बाई पडद्यावर पळते, रडते, आणि तुम्हाला जागचं हलायचं नसतं. बांगड्या काढून ठेवायच्या, कडक सुती कुर्ता घालायचा नाही, कारण माइक सगळं टिपतो. पडद्यावरचे ओठ मिटले की तुमच्या वाक्यातही तिथे प, ब किंवा म यायला हवा. नाही आला तर वाक्य फिरवायचं, तेही अर्थ आणि भाव न सांडता. शिवाय हुंदका, दम लागणं, नुसता 'हं' हेही तुमचंच काम. पूर्वी सगळे कलाकार एकत्र उभे राहून डबिंग करायचे, आता बहुतेक वेळा एकटीनेच करावं लागतं. समोर कोणी नसताना उत्तर द्यायचं असतं.

ही तयारी नागपुरात उत्तम होते. आकाशवाणीचं आपलं केंद्र 1948 पासून आहे. नाट्यकलाकारांसाठी स्वरचाचणी जाहीर झाली की अर्ज कराच. दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. तिथे रात्रभर, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवणाऱ्या बायकांना एकदा नीट ऐका. उच्चारांवर मात्र रोज मेहनत घ्या. आपल्याकडे ण चा न आणि ळ चा य सहज होतो, मुंबईत तिथेच अडवतात. पण वऱ्हाडी पुसून टाकू नका. तसं पात्र आलं की पुण्यामुंबईच्या मुलींना ती नक्कल करावी लागते, तुम्हाला नाही.

कामं मात्र बहुतेक मुंबईत, अंधेरीच्या आसपास. नागपुरात जाहिराती, माहितीपट, ऑडिओबुकं यांचं थोडंफार मिळतं. घरून नमुने पाठवता येतात, पण पडद्यावरच्या भूमिकेसाठी विदर्भ एक्स्प्रेस पकडावीच लागते. सुरुवातीला दुसरी नोकरी हाताशी असू द्या, त्यात कमीपणा नाही.

दोन गोष्टींवर मी अगदी हट्टी आहे. काम देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याच्या दारात उभं राहू नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने असे पैसे भरले, काम आलंच नाही. आणि सही करण्याआधी कागद पूर्ण वाचा. तुमच्या आवाजावरून यंत्राने नवा आवाज तयार करण्याची परवानगी हल्ली करारात बारीक अक्षरांत घातलेली असू शकते. ते कलम खोडायला सांगा, नाही खोडलं तर काम सोडा.