वाट पाहण्याचे व्याज

प्रश्न : मी औसा तालुक्यातील कोरडवाहू शेतकरी आहे. २०२१ मध्ये साठवून ठेवलेल्या सोयाबीनला क्विंटलमागे सात हजारांच्या वर भाव मिळाला. त्या पैशातून मेव्हण्यांच्या सांगण्यावरून रस्ते-पूल बांधणाऱ्या एका कंपनीचे ५०० शेअर ९६ रुपयांना घेतले. भाव ५४ वर आला तेव्हा आणखी ५०० घेतले आणि दोन वर्षांपूर्वी ३० वर आला तेव्हा १,००० घेतले. ही शेवटची खरेदी मी घरात सांगितलेली नाही. एकूण १,०५,००० रुपये गुंतले, सरासरी ५२.५० रुपये पडली आणि आज भाव १०.५० आहे. कंपनीचा वर्षाचा व्याजपूर्व नफा १९० कोटी, तर व्याज ३१० कोटी आहे आणि प्रवर्तकांचे (कंपनी चालवणाऱ्या मुख्य मालकांचे) ऐंशी टक्के शेअर कर्जासाठी तारण आहेत, हे मला अलीकडे कळले. भाव ७० असतानाच पत्नी ‘मोडून टाका’ म्हणाली होती. ते आठवले की झोप लागत नाही. मेव्हणे म्हणतात, विकल्याशिवाय तोटा होत नसतो. मी काय करावे?
— एक वाचक, औसा (जि. लातूर)

उत्तर : तुम्ही हे शेअर विकावेत, असे माझे मत आहे. भाव पडला म्हणून मी हे म्हणत नाही. १९० आणि ३१० हे तुम्हीच कळवलेले दोन आकडे पाहून म्हणतो. ज्या कंपनीला कमाईतून व्याजही भागवता येत नाही, तिला उरलेले व्याज नवे कर्ज काढून किंवा मालमत्ता विकून भरावे लागते आणि प्रत्येक तिमाहीला समभागधारकांच्या वाट्याचे थोडे थोडे सावकारांकडे जात राहते.

साठवलेल्या सोयाबीनने तुम्हाला थांबायला शिकवले आणि त्या वर्षी ते फळलेही. पण घरात ठेवलेले पोते संपूर्ण तुमचे असते. तेच पोते बाजार समितीच्या गोदामात शेतमाल तारण योजनेत ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज उचलले, तर विक्रीनंतर आधी समितीची मुद्दल आणि व्याज वळते होते आणि उरेल ते तुमच्या हाती येते. कर्जबाजारी कंपनीचा शेअर म्हणजे हे ‘उरेल ते’. शिवाय समितीचे व्याज सहा टक्के आणि मुदत सहा महिन्यांची असते. तुमच्या कंपनीला अशी सवलत कोण देणार?

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३ मध्ये देणी फेडण्याचा जो क्रम दिला आहे, त्यात समभागधारक सर्वांत शेवटी येतात. दिवाळखोरीत गेलेल्या दिवाण हाउसिंग फायनान्स या गृहकर्ज कंपनीचे उदाहरण घ्या. २०२१ मध्ये तिचा व्यवसाय नव्या मालकाकडे जाऊन चालू राहिला. जुन्या समभागधारकांच्या हाती मात्र शून्य आले आणि शेअर बाजाराच्या यादीतून काढून टाकण्यात आला. त्यामुळे ‘एवढी मोठी कंपनी, ती बुडू देणार नाहीत’ या भरवशाचा तुम्हाला उपयोग नाही, कारण कंपनी वाचली तरी तुमचे शेअर वाचतीलच असे नाही. प्रवर्तकांच्या तारण शेअरांचाही धोका आहेच. भाव आणखी घसरला की कर्ज देणारे ते बाजारात विकून टाकतात आणि मग सलग लोअर सर्किट (एका दिवसातील घसरणीची कमाल मर्यादा) लागून तुम्हाला गिऱ्हाईकच मिळत नाही.

पश्चात्तापाविषयी स्पष्टच लिहितो. ९६ रुपयांची खरेदी ही चूक होती, पण ती कोणाकडूनही होते. ३० रुपयांची खरेदी वेगळी, कारण तोपर्यंत ताळेबंद न पाहता तुम्ही फक्त सरासरी खाली आणत होता. पाऊस नसताना केलेल्या दुबार पेरणीत बियाण्याचे पैसेही जातात, हे तुम्हाला मी सांगायला नको. आता ५२.५० ही सरासरी विसरा. तिथे पोहोचायला भाव पाचपट व्हावा लागेल आणि बाजाराला तुमची सरासरी ठाऊक नाही.

मेव्हण्यांचे म्हणणे फक्त प्राप्तिकराच्या हिशेबात खरे आहे. तुमच्या १,०५,००० रुपयांचे आजच २१,००० झाले आहेत. विकल्यावर ८४,००० रुपयांचा तोटा कागदावर येईल, एवढाच फरक. सर्व शेअर बारा महिन्यांहून जुने असल्याने हा दीर्घकालीन भांडवली तोटा ठरेल. तो पुढील आठ वर्षांपर्यंत ओढता येतो, मात्र केवळ दीर्घकालीन भांडवली नफ्यातूनच वजा होतो आणि त्यासाठी प्राप्तिकराचे विवरणपत्र मुदतीत भरलेले असावे लागते. शेती उत्पन्न करमुक्त असल्याने आपल्याकडे पुष्कळजण विवरणपत्र भरतच नाहीत. तुम्ही मात्र या वर्षी भरा.

त्या विवरणपत्रासाठी तिन्ही खरेद्यांच्या तारखा आणि भाव लिहून काढावे लागतील. तिसरी खरेदी तेव्हा तशीही घरात कळणार आहे, त्यामुळे पत्नीला ती त्याआधी तुमच्या तोंडून कळलेली बरी.