वाचकांचे प्रश्न : घरातील साफसफाई

प्रश्न : घरात रांगते मूल आहे, म्हणून साफसफाईची सगळी रासायनिक द्रावणे काढून टाकावीत आणि त्याऐवजी व्हिनेगर, खाण्याचा सोडा अशा ‘नैसर्गिक’ वस्तू वापराव्यात, असे मला वाटते. सासूबाईंना मात्र जंतुनाशकाशिवाय फरशी स्वच्छ झाल्यासारखी वाटत नाही. सध्या आम्ही दोन्ही वापरतो. योग्य काय?

उत्तर : मला काळजी वाटते ती तुमच्या ‘दोन्ही वापरतो’ या वाक्याची. तुमचे जंतुनाशक ब्लीच असेल, तर ते म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. त्यात आम्ल मिसळले की क्लोरीन हा विषारी वायू तयार होतो, आणि व्हिनेगर कितीही नैसर्गिक म्हटले तरी ते आम्लच आहे. शौचालय साफ करण्याच्या अनेक द्रावणांत त्याहून कितीतरी तीव्र असे हायड्रोक्लोरिक आम्ल असते, तर काचा पुसण्याच्या काही द्रावणांत अमोनिया असतो, ज्याच्याशी ब्लीचचा संयोग होऊन क्लोरामाइन वायू निर्माण होतात. त्यामुळे कोणतीही दोन द्रावणे एकत्र करू नयेत, किंवा एकामागोमाग एकाच जागी ओतू नयेत. डोळे चुरचुरू लागले, खोकला आला, तर सफाई पूर्ण करण्याच्या नादात तेथे न थांबता लगेच मोकळ्या हवेत जावे, आणि श्वासाचा त्रास कायम राहिल्यास डॉक्टरांना गाठावे.

व्हिनेगर आणि सोडा एकत्र केल्यावर येणारा फेस दिसायला समाधानकारक असतो, इतकेच. दोघे परस्परांना निष्प्रभ करतात. वेगवेगळे वापरल्यास क्षारांचे पांढरे डाग काढायला व्हिनेगर आणि भांडी घासायला सोडा उपयोगी पडतो. जंतुनाशक म्हणून मात्र व्हिनेगरवर विसंबू नये, आणि संगमरवरावर तर ते वापरूच नये, कारण त्याने दगड झिजतो.

रोजच्या फरशीला साबणाचे पाणी पुरते, असे माझे स्पष्ट मत आहे. घरात कोणाला उलट्या-जुलाब झाले असतील, किंवा ओट्यावर कच्चे मांस कापले असेल, तर जंतुनाशक जरूर वापरावे. पण आधी ती जागा साबणाने धुऊन घ्यावी, कारण मळ शिल्लक असला तर ब्लीचची शक्ती त्यावरच खर्च होते. लेबलवर सांगितलेल्या प्रमाणात थंड पाण्यात ते मिसळावे, सांगितला असेल तेवढा वेळ पृष्ठभाग ओला राहू द्यावा (लावले की लगेच पुसून टाकण्याची सवय सर्रास आढळते, आणि तिने मूळ हेतूच निष्फळ होतो) आणि मूल जेथे रांगते ती जागा नंतर स्वच्छ पाण्याने पुसावी. पातळ केलेले ब्लीच दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

मुलाच्या दृष्टीने, कोणते द्रावण घेता यापेक्षा ते कोठे ठेवता हे अधिक महत्त्वाचे आहे. द्रावणे मूळ बाटलीतच, उंचावर आणि कुलपात ठेवावीत; पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत ती कधीही भरू नयेत. मुलाने चुकून काही गिळलेच, तर उलटी काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नये, कारण दाहक द्रव वर येताना अन्ननलिका पुन्हा भाजते. ती बाटली बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रश्न : न्हाणीघरात सतत कुबट वास येतो. सुगंधी फवारा रोज मारल्यास अपाय होतो का?

उत्तर : फवाऱ्याने वास झाकला जातो, जात नाही, शिवाय दमा असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. कुबट वास बहुधा ओलीचा आणि बुरशीचा असतो, त्यामुळे गळका नळ किंवा भिंतीतील पाझर आधी शोधून दुरुस्त करावा, आणि आंघोळीनंतर भिंती कोरड्या होईपर्यंत खिडकी उघडी किंवा पंखा सुरू ठेवावा. बुरशीवर नुसता रंग दिल्यास ती काही काळाने पुन्हा वर येते.