खल घासायच्या आधी
गावच्या संग्रहासाठी वस्तू जमवतोयस, तर आधी हे ऐक. वैद्यांच्या घरचा पितळी खल मिळाला की चिंच लावून लख्ख करू नकोस. मी एकदा केला आणि तळाशी चिकटलेली औषधाची पूड धुऊन गेली! कोरड्या फडक्याने पूस, बस. सहाणेवर बाळगुटी उगाळून पडलेला खळगाही तसाच राहू दे. जुन्या बाटल्यांची बुचं उघडू नकोस. आत पारा, सोमल (आर्सेनिकचं विष) काहीही असेल. कागद मात्र सोडू नकोस. लस शोधणारे शास्त्रज्ञ हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्या काळातला टोचल्याचा दाखला एखाद्या ट्रंकेत निघाला, तर माझ्या लेखी तो खलापेक्षा मोलाचा. वस्तू देणाऱ्या आजी काय सांगतात ते तिथेच लिहून घे. चिठ्ठी चिकटवू नकोस, दोऱ्याने बांध.