दालनाच्या उद्घाटनाची बातमी पोहोचवताना

वेगवेगळ्या समाजांतल्या कलाकारांची चित्रं मांडणारं कलादालन उघडताय, तर सगळ्यात आधी निमंत्रणात ‘विविध संस्कृतींचा संगम’ असं वाक्य असेल तर ते काढून टाका. ते वाचून काय बघायला मिळणार, ते कुणालाच कळत नाही. त्याऐवजी तीन-चार चित्रकारांची नावं, त्यांचं माध्यम आणि एखाद्या कामाबद्दल दोन ओळी लिहा. बातमी त्यातच असते.

मासिकांचे अंक दोन-तीन महिने आधी ठरतात, त्यामुळे त्यांना सर्वांत आधी कळवा. दैनिकांना दोन आठवडे पुरतात, आणि आदल्या दिवशी एक फोन. छायाचित्रं छपाईसाठी ३०० डीपीआयची (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके) हवीत. प्रत्येकासोबत कलाकाराचं नाव, शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष आणि छायाचित्रकाराचं श्रेय द्या. चित्र विकलं गेलं तरी स्वामित्वहक्क बहुधा कलाकाराकडेच राहतो, म्हणून छापण्याची परवानगी लेखी घ्या.

आता मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते. ज्या समाजांतले कलाकार तुम्ही मांडताय, त्या लोकांना उद्घाटनाच्या दिवशी पाहुणे म्हणून बोलावणं पुरेसं नाही. मजकूर त्यांच्या भाषेतही हवा, आणि तो त्यांच्यापैकीच कुणीतरी तपासलेला हवा. नावांचं लेखन आणि उच्चार ज्याचं त्याला विचारा. तारीख ठरवण्याआधी त्यांचे सण, उपवास पाहून घ्या. काही परंपरांत ठरावीक प्रतिमा, विशेषतः दिवंगतांची छायाचित्रं, सर्वांसमोर दाखवत नाहीत; पोस्टर छापण्याआधीच विचारलेलं बरं.

समाजमाध्यमांवर चित्रं टांगतानाचे, कलाकार बोलतानाचे छोटे व्हिडिओ टाका. पत्रकारांना मात्र आदल्या दिवशी निवांत बोलवा, गर्दीत चित्र नीट दिसत नाही.