जीटी३ मागवताना : कारखान्यात काय घ्यावे, नंतरसाठी काय ठेवावे

प्रश्न : मी श्टुटगार्टजवळ नोकरी करतो. पोर्शे ९११ जीटी३ची २०२४च्या अखेरीस सादर झालेली सुधारित आवृत्ती मी नोंदवली आहे आणि ऐच्छिक गोष्टींची यादी पक्की करण्याची मुदत जवळ आली आहे. वर्षातून पाच-सहा वेळा न्यूर्बुर्गरिंग किंवा हॉकेनहाइमला ट्रॅक डेसाठी, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी चालवायला, जाईन, एरवी गाडी रस्त्यावरच चालेल. सिरॅमिक ब्रेक, क्लबस्पोर्ट आणि वायसाख पॅकेज, बकेट सीट, पुढचा भाग उचलणारी यंत्रणा हे सर्व घेणे परवडणारे नाही. पैसे नेमके कशावर घालावेत?

उत्तर : यादी वरून खाली वाचत न जाता आधी तिचे दोन भाग करावेत. काही गोष्टी कारखान्यातच बसतात. नंतर बसवायच्या म्हटल्या तर त्या शक्य तरी होत नाहीत, किंवा त्यांच्यासाठी मूळ किमतीच्या कितीतरी पट मोजावे लागतात. गिअरबॉक्स, सीट, क्लबस्पोर्ट पॅकेज आणि पुढचा भाग उचलणारी यंत्रणा या त्या गोष्टी होत. ब्रेकचे पॅड, ब्रेक ऑइल आणि टायर यांचा निर्णय मात्र पहिल्या हंगामानंतरही घेता येतो, आणि तेव्हा तो अधिक शहाणपणाने घेतला जातो. आपला खर्च आधी पहिल्या भागावर व्हावा.

गिअरबॉक्सचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण यादीत तो असणारच. शून्य ते १०० किलोमीटरचा वेग गाठायला पीडीके या दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्सला ३.४ सेकंद आणि हाताने बदलायच्या गिअरबॉक्सला ३.९ सेकंद लागतात. तरीही २०२५च्या एप्रिलमध्ये पोर्शेचे चालक योर्ग बेर्गमाइस्टर यांनी नॉर्डश्लायफेची, म्हणजे न्यूर्बुर्गरिंगच्या जुन्या लांब ट्रॅकची, २०.८३२ किलोमीटरची फेरी ६ मिनिटे ५६.२९४ सेकंदांत पूर्ण केली, ती हाताने गिअर बदलायच्या जीटी३मध्येच. आधीच्या आवृत्तीने पीडीकेसह नोंदवलेल्या वेळेपेक्षा ती साडेतीन सेकंदांहून कमी होती. तेव्हा वेळेच्या भीतीने पीडीके घेऊ नये. रोज वाहतुकीच्या कोंडीतून जावे लागत असेल तर मात्र जरूर घ्यावी.

आता ब्रेक. सिरॅमिक ब्रेकची डिस्क लोखंडी डिस्कच्या जवळपास निम्म्या वजनाची असते, आणि हे वजन चाकापाशी, म्हणजे स्प्रिंगच्या खाली कमी होत असल्याने स्टिअरिंगला आणि खडबडीत रस्त्यावरच्या पकडीला त्याचा खरा लाभ मिळतो. रस्त्यावर या डिस्क वर्षानुवर्षे टिकतात आणि चाकांवर काळी भुकटी जवळजवळ बसत नाही. ट्रॅकवरचा हिशेब वेगळा असतो. ही डिस्क कार्बनच्या तंतूंची असते आणि वारंवार अतिशय तापल्यावर त्यातला कार्बन हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून हळूहळू जळतो. डिस्कची जाडी फारशी कमी झालेली दिसत नाही, पण तिचे वजन घटत जाते. म्हणून ती बदलण्याजोगी झाली की नाही हे ठरवण्यासाठी ती काढून वजन करावे लागते, किंवा कार्यशाळेतील खास उपकरणाने तिच्यातील कार्बनचा ऱ्हास मोजावा लागतो. नुसते चाकाच्या आऱ्यांमधून डोकावून काही कळत नाही. चारही डिस्क एकदम बदलण्याची वेळ आली, तर येणारे बिल पाहून पुढचे काही ट्रॅक डे रद्द करावेसे वाटतात.

दुसरी अडचण चाक बदलताना येते. जीटी३चे चाक मध्यभागी असलेल्या एकाच मोठ्या नटाने बसते आणि तो ६०० न्यूटन मीटरपर्यंत आवळावा लागतो, म्हणजे माणसाच्या कमरेइतका लांब पाना आणि ब्रेकवर पाय देऊन बसणारा दुसरा माणूस हवाच. हे चाक आत सरकवताना जरा तिरके गेले आणि रिमची कड सिरॅमिक डिस्कच्या काठावर आपटली, तर काठाचा टवका उडू शकतो. कार्यशाळेत यासाठी मार्गदर्शक दांडे वापरतात. ट्रॅकवर पावसाची चिन्हे पाहून घाईघाईने टायर बदलणारा हौशी मालक ते बहुधा घरी विसरून आलेला असतो.

लोखंडी डिस्क जड असते आणि ट्रॅकवर झिजतेही, पण तिची झीज डोळ्यांना दिसते. तिच्यावर पाडलेल्या भोकांभोवती केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या तेवढ्याच राहतात तोवर चालते. एका भोकाची भेग दुसऱ्या भोकाला किंवा काठाला जाऊन भिडली की डिस्क उतरवायची. ती पॅडसारखीच वापरून टाकायची वस्तू आहे, असे मानले की मनही निवांत राहते. पुष्कळ अनुभवी मालक सिरॅमिक ब्रेक असलेल्या गाडीवर ट्रॅकसाठी बाहेरच्या लोखंडी डिस्क बसवतात आणि मूळ डिस्क गाडी विकताना हव्यात म्हणून जपून ठेवतात. आपल्या वापराला आणि मर्यादेला लोखंडी ब्रेकच योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचलेल्या पैशांतला छोटासा भाग ट्रॅकच्या पॅडवर आणि चांगल्या ब्रेक ऑइलवर खर्च करावा. डॉट ४ या नेहमीच्या दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश असावा लागतो, पण हवेतील ओलावा शोषून तो १५५ अंशांच्या आसपास येऊ शकतो. शर्यतीसाठीच्या ऑइलचा हाच आकडा कोरडे असताना ३०० अंशांच्या वर असतो. ऑइल उकळून पेडल जमिनीला टेकते, तेव्हा डिस्क कोणत्या पदार्थाची आहे याला काही अर्थ उरत नाही.

क्लबस्पोर्ट पॅकेज युरोपात वेगळी किंमत न आकारता मिळते. त्यात मागच्या बाजूला बोल्टने बसवलेला रोल केज (गाडी उलटल्यास आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा सांगाडा), चालकासाठी सहा बिंदूंचा हार्नेस, म्हणजे शर्यतीच्या गाडीतला सुरक्षा पट्टा, आणि हाताने वापरायचे अग्निशामक नळकांडे येते. त्यासाठी कार्बनची बकेट सीट घ्यावी लागते, तेव्हा फुकट हा शब्द जपूनच वापरावा. तरीही मी ते घेईन. हार्नेसमुळे शरीर सीटला घट्ट बांधलेले राहते आणि वळणात स्वतःला सावरण्यासाठी स्टिअरिंगला लटकावे लागत नाही. हात मोकळे झाले की चालवण्यातला फरक पहिल्या काही फेऱ्यांतच कळतो. हार्नेस बांधण्याचा क्रम मात्र पाळावा. आधी कमरेचे पट्टे कमरेच्या हाडांवर खाली बसवून घट्ट ओढावेत, मग पायांमधले, आणि खांद्याचे सर्वांत शेवटी. खांद्याचे आधी ओढले तर बक्कल वर सरकून पोटावर येते आणि धडकेत सगळा भार मऊ भागावर पडतो. रस्त्यावर नेहमीचा तीन बिंदूंचा पट्टाच वापरावा. शेजारी बसणाऱ्यासाठी या पॅकेजमध्ये हार्नेस येत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

बकेट सीटचा निर्णय कागदावरून करू नये. शोरूममध्ये किमान अर्धा तास बसून पाहावे, हेल्मेट सोबत न्यावे. सुधारित गाडीच्या नव्या हलक्या सीटची पाठ दुमडता येते, आणि हेल्मेट मागे टेकून मान पुढे ढकलली जाऊ नये यासाठी डोक्यामागच्या गादीचा भाग काढता येतो. जुन्या सीटबाबतच्या दोन मोठ्या तक्रारी त्यामुळे मिटल्या आहेत. मांड्यांच्या बाजूच्या उंच कडा मात्र तशाच आहेत. गुडघे कुरकुरत असतील, तर रोजच्या चढउतारीत त्यांचा विचार करावाच लागेल.

वायसाख पॅकेज देखणे आहे, आणि त्यातले कार्बनचे स्टॅबिलायझर, जोडदांडे, छप्पर इत्यादींनी वजन खरोखर कमी होते. त्याच्यासोबत मिळणारी मॅग्नेशियमची चाके एकूण नऊ किलो वाचवतात, तेही स्प्रिंगच्या खाली. तांत्रिकदृष्ट्या माझा आक्षेप नाही. पण पैशांना मर्यादा आहे असे आपणच लिहिले आहे, आणि त्याच पैशांत कित्येक टायर येतात व उत्तम प्रशिक्षकाबरोबर काही दिवस घालवता येतात. प्रशिक्षकाने एका दिवसात कमी केलेले सेकंद नऊ किलोंनी कमी होणाऱ्या सेकंदांपेक्षा जास्त भरतील, याविषयी मला शंका नाही.

पुढचा भाग उचलणारी यंत्रणा घ्यावीच. आपल्याकडच्या तळघरातल्या वाहनतळांचे उतार पाहता ती पहिल्याच आठवड्यात कामाला येईल. फेरीची वेळ मोजणारे क्रोनो पॅकेज सोडावे. नॉर्डश्लायफेवर सर्वसामान्यांसाठी असलेल्या फेऱ्यांमध्ये वेळ मोजण्यास मनाईच आहे. शेवटी, विम्याचा करार नीट वाचावा, कारण ट्रॅकवर झालेले नुकसान त्यातून वगळलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

प्रश्न : मी पुण्यात राहतो. अशाच गाडीचा विचार आहे. आमच्यासाठी सल्ला बदलेल का?

उत्तर : बऱ्याच अंशी बदलेल. पूर्ण तयार गाडी आयात होते तेव्हा कारखान्यात बसवलेल्या प्रत्येक ऐच्छिक वस्तूची किंमतही तिच्या मूल्यात धरली जाते आणि त्यावर शुल्क व कर लागतात. त्यामुळे जर्मनीत किरकोळ वाटणारी वस्तू इथे दुपटीहून महाग पडते, आणि रंगीत शिलाई, कार्बनच्या पट्ट्या अशा गोष्टींचा मोह आपोआप आवरतो. बाजारागणिक यादीही बदलते. अमेरिकेत क्लबस्पोर्ट पॅकेज मिळत नाही. आपल्याकडे नेमके काय मिळेल ते विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

पुढचा भाग उचलणारी यंत्रणा इथे चैन नाही. गतिरोधकांविषयी पुणेकरांना मी काही सांगायला नको, पण आणखी एक कारण आहे. पुण्याहून ग्रेटर नोएडाचा ५.१२५ किलोमीटरचा बुद्ध सर्किट असो, चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टई असो की कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे, गाडी बहुधा ट्रकवर चढवून न्यावी लागते, आणि उतरणीच्या फळीला पुढच्या बंपरची खालची कड घासते ती त्याच वेळी. यंत्रणा असली तरी लांब फळ्यांचा ट्रकच ठरवावा. एवढ्या अंतरामुळे वर्षातून एकदोनदाच ट्रॅक मिळणार असेल, तर सिरॅमिक ब्रेकविरुद्धचा माझा वरचा युक्तिवाद बराच सैल होतो. रस्त्यावर ते खूप टिकतात. तरी आपल्या रस्त्यांवरची खडी पाहता मी लोखंडीच घेईन.

प्रश्न : दुबईत राहतो आणि इथल्या ऑटोड्रोम या ट्रॅकवर गाडी चालवतो. आतील सजावटीत काय टाळावे?

उत्तर : डॅशबोर्डचा फिकट रंग. दुपारच्या उन्हात त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडते आणि वळणाचा आतला काठ शोधताना तेच डोळ्यांत येते. डॅशबोर्डचा वरचा भाग काळा आणि चमक नसलेला घ्यावा. स्टिअरिंगवरचे मऊ रेस-टेक्स कापड घामाने लवकर दबून गुळगुळीत होते, म्हणून ट्रॅकवर हातमोजे वापरावेत. मागच्या चाकांपुढच्या पत्र्याला रंग जपणारी संरक्षक फिल्म पहिल्या ट्रॅक डेच्या आधीच लावावी. तापलेले, चिकट झालेले टायर खडे उचलून नेमके तिथेच मारतात.