टेस्टिंगच्या रांगेत अडकलेला स्प्रिंट

प्रश्न : आमच्या टीममध्ये पाच डेव्हलपर, दोन टेस्टर. स्प्रिंट, म्हणजे कामाचा ठरावीक मुदतीचा टप्पा, दोन आठवड्यांचा. शेवटच्या दोन दिवसांत सगळ्या स्टोरीज (वापरकर्त्याच्या गरजेनुसार पाडलेली छोटी कामं) एकदम टेस्टिंगला येतात, निम्म्या पुढे ढकलाव्या लागतात. टेस्टर वाढवावेत का?

उत्तर : आधी बोर्ड पाहा, म्हणजे तो फळा, जिथे प्रत्येक स्टोरीचं कार्ड डावीकडून उजवीकडे, सुरुवातीपासून पूर्ण होण्याकडे सरकतं. एका वेळी दहा कार्डं सुरू असतील, तर दुखणं वेगळंच आहे. अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला साधा नियम आहे : हातातली कामं भागिले संपण्याचा वेग म्हणजे सरासरी लागणारा वेळ. दहा स्टोरीज सुरू आणि आठवड्याला पाच संपतात, तर प्रत्येकीला दोन आठवडे. म्हणजे अख्खा स्प्रिंट!

डेव्हलपमेंटच्या रकान्याला चार, टेस्टिंगच्या रकान्याला दोन कार्डांची मर्यादा घालून बघा. टेस्टिंग भरलं की डेव्हलपरने नवं कार्ड ओढायचं नाही; टेस्ट डेटा (चाचणीसाठीची नमुना माहिती) बनवायचा, ऑटोमेटेड टेस्ट (आपोआप चालणाऱ्या चाचण्या) लिहायच्या. इथेच टीम कच खाते. रिकामं दिसायला नको म्हणून कुणीतरी ‘नुसती सुरुवात करून ठेवतो’ म्हणतं, आणि मर्यादा शोभेची उरते.

स्टोरीज लहान करा, पण स्क्रीन, एपीआय (प्रणालीच्या भागांना जोडणारा दुवा), डेटाबेस अशा कापू नका; तिन्ही जुळेपर्यंत टेस्टरच्या हाती काहीच लागत नाही. ‘यूपीआय पेमेंट’चे तुकडे असे : पैसे गेले, व्यवहार नाकारला, पैसे कापले पण उत्तर आलं नाही. तिसरा सर्वांत चिवट, तो आधी घ्या.

आणि रोजच्या स्टँडअपमध्ये (टीमच्या छोट्या बैठकीत) बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. संपत आलेल्या कार्डाची चौकशी पहिली.